न विचारणारं खातं

मोशी,
८ जुलै २०२४

प्राजक्ताताईंना तेजस्विनीचा नमस्कार.

पत्र म्हणजे मेलच, पण लिहितेय पत्रासारखं. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की तुमचे बंधुराज माझा फोन उचलून आधी वाचतात आणि जेवताना मोठ्याने त्याचं पारायण करतात. मेल वाचायचा मात्र रोहिदासना कंटाळा, त्यामुळे आपल्या दोघींसाठी हीच जागा बरी.

महाळुंग्याच्या कारखान्यात रुजू होऊन आठवडा झाला. तुम्ही पिंपरीच्या मुख्य ऑफिसात सगळ्या कॉम्प्युटरांच्या प्रमुख. तुमच्या शब्दावर मला घेतलं, हे मी विसरणार नाही आणि आई विसरू देणार नाहीत. रोज डबा भरताना म्हणतात, "माज्या पोरीनं लावली म्हून लागली, न्हाईतर हिला कोण इचारतंय."

काम आवडलं. गाड्यांच्या दारांची बिजागरं बनतात इथे, आवाज इतका की घरी आल्यावरही कानात ठोके पडत राहतात. मशिनींच्या शॉपवर कुठला कॉम्प्युटर अडला की सगळ्यांची एकच आरोळी, "मॅडम, जरा ॲडमिन मारून द्या!" मग मी जाऊन ॲडमिनचा पासवर्ड टाकायचा आणि त्यांचं काम सुटायचं. डिस्पॅचचे सुपरवायझर धम्मरत्न पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधीचे सर तर ॲडमिनची खिडकी उघडीच ठेवून चहाला जायचे, आम्ही आमचं आमचं उरकून घ्यायचो." माणूस चांगला आहे, फक्त घाई फार.

मी माझ्या टेबलावरही दिवसभर ॲडमिनच्या खात्यातच बसते. आधीचे सर तसेच बसायचे. काही अडत नाही, कॉम्प्युटर काही विचारत नाही. खरं सांगू? लग्नाला चार वर्षं झाली, कुणाला न विचारता मी काही केलं असं पहिल्यांदाच होतंय.

तुमची,
तेजस्विनी

रहाटणी,
१० जुलै २०२४

तेजस्विनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. दिवसभर ॲडमिनच्या खात्यात बसतेस आणि वर कौतुकाने लिहून कळवतेस? पदवी कॉम्प्युटरचीच आहे ना, की लग्न जमवताना तुझ्या माहेरच्यांनी आम्हाला तेही वाढवून सांगितलं?

आजच्या आज स्वतःसाठी एक साधं खातं तयार कर. मेल, तक्ते, इंटरनेट, रिकाम्या वेळचे तुझे रेसिपीचे व्हिडिओ, सगळं त्यातून. त्या खात्याला काही बसवायचा, पुसायचा, दुसऱ्याच्या फायलींना हात लावायचा अधिकार नको. कधी प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायची वेळ आली तर खातं बदलायची गरज नाही. त्या एका कामावर माउसचं उजवं बटण दाबायचं, ॲडमिन म्हणून चालवायला सांगायचं, खिडकी पासवर्ड मागेल तो टाकायचा, काम करायचं, खिडकी बंद करायची. अधिकार त्या कामापुरता. काम संपलं की तू पुन्हा साधी.

का, तेही सांगते, कारण कारण सांगितल्याशिवाय तू ऐकत नाहीस असं आईचं म्हणणं आहे. आपण ज्या खात्यात बसतो त्याचे सगळे अधिकार आपण उघडलेल्या प्रत्येक फायलीला मिळतात. घाणेरडी फाइल साध्या खात्यात उघडली तर ती दारात थांबून पासवर्ड मागते, आणि माणसाला नाही म्हणायची संधी मिळते. तीच ॲडमिनच्या खात्यात उघडली तर ती विचारत बसत नाही, थेट घरात शिरते. लग्नातला शालू नेसून कोणी भांडी घासतं का? तू घासशील म्हणा.

आणि शॉपवर पासवर्ड टाकताना भोवतीच्या माणसांना तोंड फिरवून उभं राहायला सांग. खिडकी उघडी सोडून गेल्याचं कळलं तर कामावरून काढीन. नातं बघणार नाही.

आईचे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलं नाहीस.

प्राजक्ता

मोशी,
१ सप्टेंबर २०२४

प्राजक्ताताई,

आईंचे गुडघे तसेच आहेत. जिना चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि वर पोहोचल्यावर माझ्या चालण्याला नावं ठेवतात, म्हणजे तब्येत उत्तम.

तुम्ही सांगितलंत तसं साधं खातं केलं. पहिले पंधरा दिवस जीव नकोसा झाला. घड्याळाची वेळ बदलायची तरी पासवर्ड! आपल्याच घरात बेल वाजवून शिरल्यासारखं वाटायचं. मनात तुम्हाला बरंच काही बोलून घेतलं, आता माफ करा.

कारण गेल्या मंगळवारी धम्मरत्न एक पेन ड्राइव्ह घेऊन आले. कुठल्याशा पुरवठादाराचं ड्रॉइंग होतं. "मॅडम, उघडून द्या लवकर, गाडी थांबलीय गेटवर." मी उघडायला गेले तर ड्रॉइंगने ॲडमिनचा पासवर्ड मागितला. चित्र बघायला अधिकार कशाला लागतो? मी नाही म्हटलं. धम्मरत्न चिडले, "पासवर्ड टाका ना राव, काय एवढं!" तरी नाहीच म्हटलं. नंतर तपासल्यावर त्यात विष निघालं. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे प्रमुख मारुतराव साहेब यांनी मीटिंगमध्ये मला नावाने उभं केलं आणि सांगितलं, तेजस्विनी मॅडम करतात तसं सगळ्यांनी करायचं. धम्मरत्ननी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "नाही म्हनायचं बक्षीस भेटतं व्हय? मग आमी लई कमावलं आसतं."

एक विचारायचं होतं. परवा पिंपरीला तुमच्या टेबलापाशी उभी होते, तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात खात्याचं नाव ॲडमिनच दिसलं. तुम्ही एक प्रोग्राम बसवलात तर त्याने काही विचारलंही नाही. शेजारी तुमचा घरचा मेलही उघडा होता. माझीच समजायला चूक झाली असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आई येताजाता म्हणतात. ते तेव्हा माझ्या मनात आलं नाही हो, शप्पथ.

तुमची,
तेजस्विनी

रहाटणी,
३ सप्टेंबर २०२४

तेजस्विनी,

माझ्या पाठीमागे उभं राहून माझी स्क्रीन वाचत होतीस तर. ही सवय माहेरची की मोशीला लागली?

तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस तेव्हापासून मी हे काम करतेय. या कंपनीतली एकेक तार मी ओढून घेतलेली आहे. ती खात्री विचारणारी खिडकी माझ्या कॉम्प्युटरवर मीच बंद करून टाकली. दिवसातून चाळीस वेळा मला माझंच यंत्र विचारणार, तुम्हाला खात्री आहे का? माझ्या सासूने कधी विचारलं नाही, हे कोण लागून गेलं! नियम नवख्यांसाठी असतात. पोहता येणाऱ्याला काठावरून डबा बांधायला सांगू नये.

मारुतरावांनी तुझं कौतुक केल्याचं माझ्याही कानावर आलं. त्यांनी ते तीन जणांना सांगितलं आणि त्या तिघांनी मला येऊन सांगितलं. कोणी शिकवलं ते सांगायला मात्र तू विसरलीस असं दिसतं.

यापुढे तुझ्यासाठी नवा नियम. अधिकार वापरायचा तर आधी मला मेल करायचा, माझा होकार आला की मगच पासवर्ड टाकायचा. मग काम कितीही लहान असो. तुला सावधपणाची एवढी आवड आहे, तर पूर्ण होऊ दे हौस.

आईला मी डॉक्टरकडे नेऊन आणलं. दोन्ही गुडघे बदलायला लागतील. जानेवारी-फेब्रुवारीत करू म्हणाले. तेव्हा घरात पूर्ण वेळ बाई लागेल. आत्तापासून सांगून ठेवते.

प्राजक्ता

मोशी,
१७ नोव्हेंबर २०२४

प्राजक्ताताई,

दिवाळीला तुम्ही आलात, पण आईंसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुमचा नियम मी पाळतेय. शुक्रवारी डिस्पॅचचा लेबलांचा प्रिंटर अडला. पासवर्ड टाकला असता की सुटला असता. मी तुम्हाला मेल केला, मग दुसरा केला, मग फोन केला. तुम्ही मीटिंगमध्ये होतात. लेबल नाही म्हणून पॅकिंग नाही, पॅकिंग नाही म्हणून गाडी उभी. पॅकिंगच्या सगळ्या बायका हात बांधून बसल्या. धम्मरत्न सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या बोटांना काय लकवा भरलाय का?" मी काय सांगू? वन्संनी अजून हो म्हटलं नाही, असं? दुपार उलटल्यावर तुमचा होकार आला आणि सोबत मारुतराव साहेबांना तुमचा मेल गेला की महाळुंग्याच्या कामात दिरंगाई होते आहे. तो मेल त्यांनी मला दाखवला. मग त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

आता गुडघ्यांचं. तुम्ही दिवाळीत ताटं वाढता वाढता सहज म्हणालात की तेजस्विनी फेब्रुवारीपासून घरीच असणार आहे. रोहिदास हो म्हणाले. आई हो म्हणाल्या. मला कोणी विचारलं नाही.

मी आईंचं सगळं करीन. पहाटे उठून करीन, आल्यावर करीन, दिवसा एखादी बाई ठेवू. पण ही नोकरी मला हवी आहे, ताई. एवढं सरळ मी आजवर कोणाकडे काही मागितलेलं नाही. मोशीत मी रोहिदासची बायको. शेजारच्या जाईबाईंना अजून माझं नाव माहीत नाही. तिथे दिवसभर मला कोणी ना कोणी नावाने हाक मारतं, शिव्या घालतात तेही नाव घेऊन घालतात. ते माझ्याकडून काढून घेऊ नका. तुम्हीच दिलंत, तुम्हीच राहू द्या.

पाया पडते.

तेजस्विनी

रहाटणी,
२० डिसेंबर २०२४

तेजस्विनी,

तुझं रडगाणं वाचायला महिना गेला, कारण कामं होती.

स्पष्टच सांगते, म्हणजे तुला आशा लावून बसायला नको. ही नोकरी मी तुला मिरवण्यापुरती दिली होती. रोहिदास सारखा कटकट करायचा की ती घरात बसून कुढते, म्हणून म्हटलं जाऊ दे चार महिने, हौस फिटेल. तू टिकशील असं मला वाटलंच नव्हतं. टिकलीस, त्याबद्दल शाबासकी. आता पुरे.

तुझं सहा महिन्यांचं मूल्यमापन माझ्या हातात आहे. ते मी लिहून ठेवलंय. "स्वतंत्रपणे निर्णय घेऊ शकत नाही, प्रत्येक लहान गोष्टीसाठी मुख्य ऑफिसची परवानगी मागते." शब्द न् शब्द खरा आहे, तुझे शेकडो मेल पुराव्याला आहेत. जानेवारीअखेर तू स्वतः राजीनामा दिलास तर हे पाठवणार नाही, घरच्या अडचणीमुळे सोडली असं होईल. नाही दिलास तर अपात्र म्हणून निघशील आणि मग चाकणपासून तळेगावपर्यंत कुठल्या कंपनीत उभी राहतेस ते मी बघते. तू गेल्याने कोणाचं काही अडणार नाही. बाई मिळते गं, दिवसा ठेवायला. पण परक्या बाईने माझ्या आईला संडासला न्यायचं आणि सुनेने महाळुंग्यात पासवर्ड टाकत बसायचं, हे मला चालणार नाही. तुला वाटेल, मग मुलगी म्हणून मीच का येत नाही? माझ्या जागेवर बसायला दुसरं कोणी नाही म्हणून. तुझ्या जागेवर कोणीही बसेल.

आणि ते बारक्या बारक्या गोष्टींचे मेल आता बंद. हे आलं, ते अडलं, याने पासवर्ड मागितला, त्याने मागितला. विचारल्याशिवाय काही करायचं नाही आणि मला काही विचारायचंही नाही. उरलेले दिवस गप्प बसून काढ. यापुढे तुझी एकही तक्रार आली तर जानेवारीची वाटही बघणार नाही.

प्राजक्ता

मोशी,
७ जानेवारी २०२५

प्राजक्ताताई,

तुमचं पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही ठेवलंच नव्हतंत.

राजीनामा महिनाअखेर देईन. रोहिदासना सांगितलं, ते म्हणाले बरं झालं. आईंनी मात्र आज मला चहा करून दिला. चार वर्षांत पहिल्यांदा. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. नणंदेचे किती, ते कोणी सांगत नाही.

मामांच्या शेखरभाऊजींच्या लग्नाची पत्रिका आज मेलवर आली. तुम्हालाही आली असेल, मेल ज्यांना गेलाय त्या यादीत सगळ्या घरच्यांची नावं आहेत, तुमचं पहिलं. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कॉम्प्युटरवर बघत होते, पण माझ्या साध्या खात्यात ती उघडत नाही. तुमच्याकडे उघडेल. तुमच्याकडे सगळंच उघडतं.

तेजस्विनी

रहाटणी,
७ जानेवारी २०२५

तेजस्विनी,

धन्य आहेस. साधी लग्नाची पत्रिका उघडता येत नाही आणि म्हणे नोकरी करायचीय. मूल्यमापनात हेही घालायला हवं होतं.

मी घरी यायच्या घाईत आज तुझा सोडून बाकीचे मेल बघितले नाहीत. उद्या ऑफिसात उघडते आणि आईला पाठवते. तिला फोटो बघायचे असतात.

राजीनाम्याची तारीख नक्की कळव.

प्राजक्ता

रहाटणी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय तेजू,

संक्रांतीला तू तीळगूळ घेऊन येशील असं वाटलं होतं. दारावरची बेल वाजली की मी उठत होते.

तुला तिकडे सगळं कळलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. आठ तारखेला सकाळी मी ती पत्रिका उघडली. कसलीच खिडकी आली नाही. पत्रिकाही आली नाही. मी चहाला गेले, परत आले तर माझ्या स्क्रीनवर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. तोपर्यंत पिंपरीच्या ऑफिसातला एकेक कॉम्प्युटर बंद पडत चालला होता, मग भोसरीचं गोदाम, मग तुमचा कारखाना. माझ्या खात्याला जिथे जिथे जाता येत होतं तिथे तिथे ते गेलं, आणि माझ्या खात्याला कुठेही जाता येत होतं. रोज जपून ठेवलेल्या प्रती तरी वाचतील असं वाटलं होतं. त्याही त्याच खात्याने उघडत होत्या. त्याही गेल्या. शेखरने मेल पाठवलाच नव्हता म्हणे, कोणीतरी त्याचं मेलखातं चोरलं होतं.

मला घरी बसवलंय. ऑफिसात शिरताना ज्याच्याकडे मी कधी मान वर करून बघितलं नाही, त्या वॉचमनने माझं ओळखपत्र काढून घेतलं. पुढच्या आठवड्यात चौकशी आहे. सगळीकडे एकच बोललं जातंय की महाळुंग्यात तुझा एक कॉम्प्युटर तेवढा वाचला. चौकशीवाले तुझ्याकडे येतील.

तेजू, मी तुझ्याकडे एकच मागते. त्यांना सांग की ही फाइल कोणालाच ओळखता आली नसती, कुठल्याही खात्यात उघडली असती तरी हेच झालं असतं. तुझा कॉम्प्युटर त्या दिवशी बंद होता म्हणून वाचला, असं म्हण. तुझं मारुतराव ऐकतात. एवढं बोललीस तर माझं निभावेल. ते मूल्यमापन मी फाडून टाकलंय. तू हवी तितकी वर्षं नोकरी कर, आईकडे मी बाई ठेवते, मी स्वतः देखरेख करीन.

मला या कामाशिवाय दुसरं काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा धड येत नाही, तू तर बघितलंयस. हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे, आता सासरची माणसं माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलायला लागलीत. मला यातून काढ.

तुझीच,
प्राजक्ता

मोशी,
२५ जानेवारी २०२५

प्राजक्ताताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा चौकशीवाले अजून यायचे होते. म्हणजे खोटं बोलायला मला भरपूर वेळ होता. मी बोलले नाही.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमचा कॉम्प्युटर कसा वाचला? मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि माझं साधं खातं दाखवलं. सांगितलं की सात तारखेला जेवणाच्या सुट्टीत मीही तीच पत्रिका उघडली होती. तिने ॲडमिनचा पासवर्ड मागितला. लग्नाला बोलावणाऱ्याला माझ्या तिजोरीची किल्ली कशाला हवी? मी नाही म्हटलं, नेटवर्कची वायर काढली, फाइल पुसली, कॉम्प्युटर तपासून घेतला आणि डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बंद पडायला लागलं तेव्हा माझ्या कॉम्प्युटरची वायर अजून काढलेलीच होती. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी म्हटलं, प्राजक्ता मॅडमनी. तुमचं श्रेय तुम्हाला दिलं, पुन्हा विसरले असं नको व्हायला. मग त्यांनी विचारलं, तर मॅडमच्या कॉम्प्युटरवर ती खिडकी का आली नाही? तेही सांगितलं.

तुम्हाला खरं विचारायचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी उत्तर देते. हो, मला माहीत होतं. तुम्हाला पत्र लिहायला बसले तेव्हा ती फाइल काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. "उघडत नाही" च्या पुढे "उघडू नका" एवढंच लिहायचं होतं. लिहिलंही होतं. मग तुमचं वीस डिसेंबरचं पत्र पुन्हा वाचलं आणि ते दोन शब्द पुसले.

माझं ते पत्र कंपनीला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा. त्यात मी स्वच्छ लिहिलंय की साध्या खात्यात ती उघडत नाही. तुमच्या पदावरच्या बाईला त्यावरून कळायला हवं होतं असंच कोणीही म्हणेल. मग तुम्ही मला काय उत्तर दिलंत तेही दाखवावं लागेल, आणि गप्प बसायला सांगितलेलं पत्रही. आपल्या घरातलं एवढं सगळं तुम्ही चव्हाट्यावर मांडाल असं मला वाटत नाही. तुम्हाला नावाची फार काळजी.

मला वाटलं होतं फक्त तुमचा कॉम्प्युटर जाईल, तुमची चार माणसांत शोभा होईल. प्रतीही जातील, कारखाना बंद पडेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कंत्राटावरच्या बायकांना दहा दिवस घरी बसवलं. पॅकिंगच्या कौशल्याबाई रोज गेटपाशी येऊन विचारायच्या, "म्याडम, मशिनी कवा चालू व्हत्यात?" आणि मी म्हणायचे, होतील मावशी, आम्ही प्रयत्न करतोय. त्या मला देव भलं करो म्हणून जायच्या. तेवढं मात्र घास घेताना आठवतं आणि घास परत ताटात ठेवते. तुमच्यासाठीही काही वाटेल म्हणून मी वाट बघितली. अजून तरी वाटलेलं नाही.

आता तुमच्यासाठीची बातमी. तुम्हाला सोमवारी कंपनीचं पत्र येईल, काढल्याचं. मारुतराव साहेबांनी मला आधी सांगितलं, कारण एक फेब्रुवारीपासून पिंपरीच्या त्या टेबलावर मी बसणार आहे. मी कायम झाले. धम्मरत्ननी पेढे वाटले. तुमचा शब्द कुठे कुठे चालतो हे मी तुम्हाला सांगायला नको, पण आता चाकणपासून तळेगावपर्यंत कोणी तुमच्याबद्दल विचारलं तर ते मलाच विचारतील. मी खरं तेच सांगेन.

आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पाच फेब्रुवारीला ठरलंय. डॉक्टर म्हणाले दीड-दोन महिने उठवायला-बसवायला, संडासला न्यायला घरचं माणूस लागेल. काल आई विचारत होत्या, "प्राजीला इचारलं का, जमंल का तिला?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, त्यांना आता कुठे जायचंय? त्यांनी गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "व्हय, ते बी खरंच हाय."

मागची खोली झाडून घेतली आहे. चार तारखेला सकाळी या. मला सव्वासातची बस असते, त्याआधी पोहोचलात तर बेडपॅन कुठे ठेवलंय आणि कुठली गोळी कधी द्यायची ते दाखवून जाईन.

तेजस्विनी